गॅरेजच्या दारावरची निधनवार्ता

रविवारी सकाळी वेनेताची आई पाव आणायला खाली उतरली आणि पाव न घेताच आठ मजले चढून परत आली. लिफ्ट दहा दिवसांपासून बंद होती, पण म्हातारीच्या दमण्याचं कारण वेगळं होतं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तिने आधी पाणी मागितलं, डोक्याचा रुमाल सोडला आणि मग म्हणाली, “खाली दारावर निधनवार्ता लावलीय. चेहरा कुठल्याशा परक्या पोरीचा आहे. पण पाय तुझे आहेत.”

वेनेता कॉफी ढवळत होती. “माझे कसे असतील, आई?”

“तेरा वर्षांची होईस्तोवर ते गुडघे मी धुतलेत. तू मला सांगू नकोस.”

वेनेताने काठी घेतली आणि एकेक पायरी मोजून उतरत खाली गेली. सोफिया शहराच्या त्या टोकाला, ल्युलिन वस्तीत, काळ्या चौकटीतल्या कागदांचं कुणाला नवल नव्हतं. माणूस गेला की एक कागद, चाळीस दिवस झाले की दुसरा, वर्ष झालं की तिसरा. दारावर, बसथांब्यावर, झाडांच्या खोडांवर. लोक जाता जाता वाचतात, नाव ओळखीचं असलं तर थांबतात, नसलं तर पावाच्या रांगेत जाऊन उभे राहतात. आज मात्र दारापाशी तिघं-चौघं रेंगाळली होती आणि त्यातला एक जण चक्क हसत होता.

कागदावर क्रूस होता, काळी चौकट होती आणि मधोमध मनोऱ्यावरून खाली येणारी एक बाई. हात मांड्यांना चिकटलेले, अंग फळीसारखं ताठ, तोंडावर मंद हसू. खाली लिहिलं होतं: ‘कळवण्यास अत्यंत दुःख होते की, सिनेमातला खरेपणा “बावीस मनोरे” या चित्रपटात उंचावरून पडून निवर्तला. वय अकरा सेकंद. देह कॉम्प्युटरवर बनवलेला असल्याने दफनविधी होणार नाही. शोकाकुल, त्रिफोनचं गॅरेज.’

चेहरा नटीचा होता. बाकी सगळी, मानेपासून टाचेपर्यंत, वेनेता होती.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तिच्या बाबतीत ती डाव्या कंबरेतून गेली, कारण हल्ली सगळंच तिथून जायचं. वीस वर्षं तिने नट्यांच्या जागी उड्या मारल्या होत्या. डोंगराच्या पायथ्याशी जो मोठा स्टुडिओ आहे, तिथे बाहेरदेशीचे लोक येऊन सिनेमे काढतात, आणि त्यांच्या सुंदर बायका जिन्यावरून, घोड्यावरून, छपरावरून पडतात तेव्हा पडणारी वेनेता असते. शेवटची पडली ती ‘बावीस मनोरे’साठी, गेल्याच्या आधीच्या फेब्रुवारीत, बंद सिमेंट कारखान्याच्या बावीस मीटर उंच टाकीवरून. त्यानंतर दोन ऑपरेशनं आणि ही काठी. नटीने मुलाखतींतून सांगितलं की उडी मी स्वतः मारली. वेनेताने एका कागदावर सही केली की याबद्दल कधीही, कुणाकडेही तोंड उघडणार नाही. त्या बदल्यात स्टुडिओने शब्द दिला होता: येत्या वसंतात पुढच्या सिनेमात पडणाऱ्या पोरापोरींवर लक्ष ठेवायचं काम तिला मिळेल. गादी कुठे, वारा किती, कुणी उडी मारायची, कुणी नाही, हे ती ठरवेल. पडणं गेलं तरी धंदा राहील. ते काम गेलं, तर त्रेचाळिसाव्या वर्षी तिला दुसरं काहीही येत नव्हतं.

म्हणून तिने मूग गिळले होते, त्रिफोनच्या गॅरेजमधल्या आपल्या जुन्या मित्रांसमोरसुद्धा. त्यांना तिने सांगितलं होतं की बर्फावरून घसरले. स्टंटवाली बाई दुकानाला जाताना बर्फावर घसरली, या एका विनोदावर त्या मंडळींनी दोन हिवाळे काढले होते.

गॅरेजपर्यंत जाताना तिला तो कागद आणखी सहा दारांवर दिसला. त्रिफोनने काटकसर केली नव्हती. सातव्या दारावर तो एका खऱ्या म्हाताऱ्याच्या खऱ्या निधनवार्तेला खेटून लावला होता. ते पाहून तिच्या तोंडून जी शिवी निघाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. तरीही तिने मनाशी ठरवलं की कागद काढा, एवढंच म्हणायचं. कारण सांगायचं नाही. आवाज चढवायचा नाही.

गॅरेजमध्ये गाडी कधीच नव्हती. त्रिफोन लिफ्ट दुरुस्त करायचा (स्वतःच्या वस्तीतली लिफ्ट सोडून, असं शेजारी म्हणत) आणि दर रविवारी दुपारी या गॅरेजमधून सिनेमावरचा कार्यक्रम काढायचा. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, टेबलावर दोन माईक, कोपऱ्यात कोबी आंबवायचं पिंप. वेनेता आत आली तेव्हा तो पिंपाच्या नळाखाली बादली धरून खारं पाणी काढत होता आणि ते परत वरून ओतता ओतता सुपरहिरोंचा उद्धार करत होता. त्याचं म्हणणं असं की पूर्वीचा सुपरहिरो मार खायचा. त्याला रक्त यायचं, भाडं थकायचं, बायको सोडून जायची. आताचे सगळे रबराचे, शंभर मजल्यांवरून पडतात आणि उठून विनोद करतात. ज्याला लागतच नाही त्याची काळजी मी काय म्हणून करू?

झ्द्राव्का, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी आणि रोज रात्री एक भयपट पाहिल्याशिवाय न झोपणारी, त्याला म्हणाली की तुमच्या रबरी माणसांपेक्षा आमची भुतं बरी, निदान ती दार तरी उघडतात. पण तिचंही रडगाणं होतंच. भीती दाराच्या मागे असते, आता दार उघडायच्या आधीच बादलीभर रक्त ओततात, आणि तेही चुकीच्या रंगाचं. रक्त हवेत काळं पडतं, हे सातवीतल्या पोरांनाही माहीत असतं. तिसरा ओग्न्यान. तो इफेक्ट्सच्या कंपनीत होता, स्टंटवाल्यांना बांधलेले दोर दिवसभर चित्रातून पुसायचा. त्यामुळे खरं काय आणि खोटं काय यातला शेवटचा शब्द गॅरेजमध्ये त्याचा असे. त्याच्या मते कॉम्प्युटरवरच्या खेळांवरून काढलेले सिनेमे सगळ्यात नालायक, कारण खेळात माणूस स्वतः उडी मारतो आणि सिनेमात तिकीट काढून दुसऱ्याची पाहतो, तीही बनावट.

“आली आमची बर्फसुंदरी,” त्रिफोन म्हणाला. “बस. आज ‘बावीस मनोरे’ला पुरायचंय. कागद पाहिलास ना? चाळीस छापले.”

“काढून टाका ते,” वेनेता म्हणाली.

तिला वाटलं, ते ‘का’ म्हणून विचारतील. त्यांनी विचारलंच नाही, ते हसले. झ्द्राव्का म्हणाली की एवढी उंचावरून उड्या मारणारी बाई आणि काळ्या चौकटीला घाबरते. त्रिफोनने तिला खुर्ची दिली, पेल्यात फळांची दारू, राकिया, ओतली आणि समजूत घातली की मेलेलं कुणी नाहीच, ती तर कॉम्प्युटरची बाहुली आहे, बाहुलीला कसला अपशकुन लागणार.

“मी गंमत करत नाहीये, त्रिफोन. म्हाताऱ्या बायका घाबरतात. काढा.”

“म्हाताऱ्यांसाठी सिनेमाबद्दल खोटं बोलू?” ओग्न्यान म्हणाला आणि त्याने भिंतीवरच्या पडद्यावर ते दृश्य लावलं. “तूच बघ आणि सांग. तुझा तर धंदाच हा.”

अकरा सेकंद. खरे दोन होते, पडद्यावर ताणून अकरा केलेले. नायिका ओर्वा, मूळ कॉम्प्युटर खेळातली तीच, मनोऱ्याच्या कठड्यावरून पुढे झुकते, हात मांड्यांना चिकटवते आणि सरळ खाली येते. वेनेताने हे कधी पाहिलं नव्हतं. सिनेमा लागून तीन आठवडे झाले होते आणि तिने दरवेळी काही ना काही कारण काढलं होतं. आता पाहताना तिने हातातला पेला टेबलावर ठेवला.

ओग्न्यानचं तोंड सुटलं. पडद्यापाशी उभं राहून बोटाने दाखवत तो एकेक दोष काढू लागला, आणि त्याला ते फार सुखाचं जात होतं. मान आणि चेहरा यांच्यामधली कड बघा, शिवण दिसतेय. केसांवर ऊन डावीकडून, अंगावर उजवीकडून. आणि मुख्य म्हणजे हात. जिवंत माणूस पडताना हात झाडतो. कितीही शिकवा, झाडतोच, शरीर ऐकत नाही. ही बाई काय पोस्टात टाकलेलं पत्र आहे? हिला वजन नाही, भीती नाही. पोरांनो, हिच्या अंगात हाड नाही.

“होतं,” वेनेता म्हणाली. “तीन जागी मोडलं.”

पिंपाशी परतलेल्या त्रिफोनच्या हातातली बादली अर्धवट कलली आणि खारं पाणी त्याच्या चपलेवर सांडलं. ओग्न्यानने ओठ पुढे काढले, कुणी त्याच्या क्षेत्रात बोट घातलं की तो तसे काढायचा, आणि म्हणाला, “म्हणजे ती तू आहेस असं म्हणतेस?”

“मानेखाली मी आहे. ती कड तुला बरोबर दिसली. चेहरा नंतर चिकटवलाय. एक शिवण पाहिलीस आणि आख्खं माणूस खोटं ठरवलंस.”

“तू बर्फावर घसरली होतीस,” झ्द्राव्का म्हणाली, पण ते तिने विचारल्यासारखं म्हटलं.

“सांगायचं नाही असा करार आहे. आत्ता सांगितलं म्हणजे तो मोडला.” वेनेताने काठी पडद्याकडे रोखली. “थोडं पुढे घे. आणखी. थांबव. इथे डावी टाच आत वळलीय, दिसते? इथे मला कळलं की गादी चुकतेय. वाऱ्याने मी बाजूला गेले होते. हात मोकळे असते तर अंग फिरवून घेतलं असतं, हात त्यासाठीच असतात. पण हात मांड्यांवर ठेवायचे होते. तिथे तिचा चेहरा हसतोय बघ. माझा हसत नव्हता.”

ओग्न्यानने ते चित्र पुढे-मागे करून चार वेळा पाहिलं. कुणाची तरी टाच इतक्या बारकाईने पाहायची त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच वेळ आली असावी. चौथ्यांदा पाहून झाल्यावर तो खुर्चीत बसला.

आता त्रिफोन भडकला, कारण आपलं चुकलं असं दिसू लागलं की त्याला समोरच्याचा राग यायचा. वीस वर्षं एका टेबलाशी बसतो, एका ताटात जेवतो, आणि तू आम्हाला दोन वर्षं बर्फाच्या गोष्टी सांगतेस? आम्ही काय स्टुडिओचे चमचे आहोत? आणि हात बांधून उडी मारायला तुला सांगितलं कुणी? कुठल्या गाढवाने?

“तू,” वेनेता म्हणाली.

त्रिफोन ओल्या चपलेनिशी एक पाऊल मागे सरला.

“मी दोनदा पडलेय. पहिल्यांदा मे महिन्यात. हात झाडत पडले, छान पडले, उठून सँडविच खाल्लं. मग शरदात जाहिरात आली आणि तुम्ही सगळे पिसाळलात. खेळात ओर्वा हात चिकटवून पडते, इथे झाडते कशी? अपमान आहे, विटंबना आहे. इथेच, त्या खोक्यावर उभा राहून अर्ज वाचलास तू. जगभरातून दोन लाख सह्या गेल्या. दिग्दर्शक घाबरला. फेब्रुवारीत मला परत टाकीवर चढवलं, आणि सांगितलं, या वेळी सरळ.”

खेळातली ओर्वा सरळ का पडते हे त्या चौघांनाही चांगलं ठाऊक होतं. तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांना तिचे हात हलवणं परवडत नव्हतं, बस, एवढंच. एका जुन्या यंत्राची गरिबी या लोकांनी देव्हाऱ्यात बसवली होती. आणि ती हुबेहूब पडद्यावर आली तेव्हा, माणूस असा पडत नाही म्हणून तेच खिदळत होते.

झ्द्राव्का टेबलाकडे बघत होती. “वेनेता,” ती हळूच म्हणाली, “त्या अर्जावर तुझीही सही आहे.”

“आहे. चौथी.” वेनेताचा आवाज आता खरंच चढला. “करायला कुणी लावली नव्हती मला. मलाही ते हात खटकले होते. माझेच हात, आणि मलाच खटकले. ओर्वा सरळच पडते, चौदा वर्षांची असल्यापासून खेळात मी तिला तशी पाडतेय. म्हणून वर चढले तेव्हा नाही म्हटलं नाही. वारा आहे म्हणाले असते तर ऐकलं असतं त्यांनी. पण मी ते म्हटलंच नाही. मला वाटलं, बघा, आता कशी पडते. गॅरेजमधले बघतील तेव्हा तोंडात बोट घालतील.”

ती धापा टाकत होती. कंबरेतली कळ मांडीपर्यंत उतरली होती, आणि डोळ्यांत पाणी आल्याचा तिला आणखी राग आला.

त्रिफोन तिच्याजवळ आला. ओल्या चपलेने चिखल करत तो तिच्यासमोर उकिडवा बसला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखर वाईट वाटल्याचं दिसत होतं. पण डोळे माईककडे गेले. “हे सांग,” तो म्हणाला. “आत्ता. चालू करतो. अगं, आपला इतका मोठा कार्यक्रम कधीच झाला नसेल. सगळं जग ऐकेल.” तो शब्दाचा पक्का होता आणि मनाने वाईट नव्हता, पण दुसऱ्याचं मोडलेलं हाड दिसताच त्याला आपला कार्यक्रम दिसला, हेही तितकंच खरं.

वेनेताने त्याला उत्तर दिलं नाही. ती ओग्न्यानकडे बघत होती. “तू बोल. तुझा शेवटचा शब्द असतो ना?”

ओग्न्यानने पडदा बंद केला. तो खोटं बोलू शकत नसे, त्याच्या नोकरीतली ही एकच अडचण होती. “मला वाईट वाटतंय,” तो म्हणाला. “तू आहेस हे मला पटलं. पण वेनेता, खरं असलं तरी दिसतं खोटंच. आजही कुणी विचारलं तर मी हेच म्हणेन. हे कॉम्प्युटरवर केलं असतं तर काही फरक पडला नसता.”

झ्द्राव्काने त्याच्या दंडावर चापट मारली, पण शब्द बाहेर पडला होता. वेनेताला वाटलं होतं ती काठी उचलेल, पेला भिंतीवर फोडेल. तिने तसं काही केलं नाही. टेबलावर एक जाड काळा मार्कर होता, त्यानेच ते दर आठवड्याला कार्यक्रमाचं नाव पाटीवर लिहायचे. तो तिने घेतला आणि बाहेर गेली. गॅरेजच्या दारावरही एक कागद होता, सगळ्यात मोठा. तिने फोटोखालची जागा पाहिली, काठी बगलेत धरली आणि ‘सिनेमातला खरेपणा’ या शब्दांवर आडवी रेघ मारली. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: वेनेता अस्पारुहोवा मिनेवा. बावीस मीटर. त्याखाली जन्माचं साल लिहिलं, एक आडवी रेघ ओढली आणि पुढची जागा मोकळी सोडली.

त्रिफोन मागून धावत आला आणि ते वाचून जागीच थबकला. मग त्याने छातीवर क्रूसाची खूण केली. “वेडी झालीस? जिवंत माणसाचं नाव लिहितात का त्यावर? पूस ते. मी सगळे काढतो, आत्ता काढतो, तू फक्त पूस.”

“एकाला जरी हात लावलास तर बघ. तू लावलेत, आता राहतील.”

“आणि स्टुडिओ? कुणीतरी फोटो काढेल, संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे पोचेल. तुझं वसंतातलं काम…” कामाबद्दल तिने त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं की मिळणार आहे. का, ते त्याला आता कळत होतं.

“ते मघाशीच गेलं,” ती म्हणाली. “तू माईक चालू करायला निघालास तेव्हाच.” हे खरं नव्हतं. चार भिंतींतलं चौघांत राहिलं असतं, तिघांनी तोंड बंद ठेवलं असतं, वसंतात स्टुडिओचा फोन आला असता. हे तिलाही माहीत होतं, पण तिला आता कुणी गप्प राहायला नको होतं.

ती शेजारच्या दारापाशी गेली आणि तिथे लिहिलं. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक वेळी आधी रेघ, मग नाव, मग बावीस मीटर. मागे त्रिफोन आणि झ्द्राव्का दहा पावलांवरून चालत होते, आणि ओग्न्यान त्यांच्याही मागे, हात खिशात घालून. कुणी तिला अडवलं नाही. बावीस नंबरच्या इमारतीशी, त्या खऱ्या म्हाताऱ्याच्या कागदाशेजारी, टोपी घातलेला एक गृहस्थ पावाची पिशवी घेऊन उभा होता. ती लिहीत असताना तो बाजूला झाला. नाव पुरं झालेलं पाहून त्याने टोपी काढली.

“देव तिला क्षमा करो,” तो म्हणाला. “तरुण होती. तुमच्या जवळची का?”

“मीच आहे,” वेनेता म्हणाली, आणि मार्करचं टोपण न लावताच पुढच्या दाराकडे निघाली.